निरंजनाबेनची डाळ आणि दंडावरची चकती

बिपिनभाई पारेखांच्या डाव्या दंडावर डॉक्टर परिमलभाईंनी रुपयाएवढी पांढरी चकती चिकटवली ती मंगळवारी सकाळी दहाला, आणि साडेअकराच्या आत मोती सुथारनी पोळमधल्या, म्हणजे एका दरवाजाआड वसलेल्या त्या गल्लीतल्या, एकूण एक घराला तिची खबर लागली. यात बिपिनभाईंचा काही दोष नव्हता. झाकली मूठ झाकलेलीच राहावी म्हणून ऐन उकाड्यात ते पूर्ण बाह्यांचा सदरा घालून गेले होते. पण दंडावरच्या चकतीची आणि खिशातल्या फोनची आतून सोयरीक असते. अंगातली साखर वर गेली की चकती फोनला सांगते आणि फोन गावाला सांगतो. पोळच्या दरवाजातून बिपिनभाईंनी आत पाऊल टाकलं मात्र, खिशातून आगीचा बंब निघाल्यासारखा आवाज सुरू झाला. तो बंद कसा करायचा हे कंपाउंडरनं दोनदा समजावलं होतं आणि बिपिनभाईंनी दोन्ही वेळा मान हलवली होती.

समोरच्या ओट्यावर दुष्यंतभाई बसले होते. शेअरबाजार उघडा असेपर्यंत ते फोनवरून मान वर करत नाहीत, पण आज केली. "काय हो बिपिनभाई, कुठं चोरी झाली?"

"चोरी नाही. साखर आहे," बिपिनभाई खिसा दाबत म्हणाले.

"खिशात?"

मग सगळं सांगावंच लागलं. बाही वर करावी लागली. दुष्यंतभाईंनी चकतीला बोट लावून पाहिलं. वरच्या मजल्यावरून लीलाबा खाली आल्या. त्यांचं वय ऐंशीच्या पुढे, आणि पोळमधल्या प्रत्येक दुखण्यावर त्यांचं मत आधी घ्यायचं असा रिवाज. त्यांनी चष्मा पुसून पाहणी केली आणि विचारलं, "ही काढल्यावर भोक राहतं का?" बिपिनभाईंनी हा प्रश्न डॉक्टरांना विचारलाच नव्हता. तेव्हापासून त्यांना तीही एक काळजी लागली.

खरी काळजी मात्र वेगळी होती. डॉक्टर म्हणाले होते, "पंधरा दिवस ही चकती तुमच्यावर नजर ठेवील. तुम्ही काय खाता, किती वाजता खाता, सगळं वहीत लिहा. पंधराव्या दिवशी आलेख बघू. गोळ्यांवर भागत असेल तर ठीक, नाहीतर इन्सुलिनची सुई सुरू करावी लागेल. रोज." रोज हा शब्द डॉक्टरांनी अगदी सहज उच्चारला. बिपिनभाई सुईला भीत नसत असं नाही. धनुर्वाताच्या एका इंजेक्शनच्या वेळी त्यांनी कंपाउंडरला असं काही धरलं होतं की त्याच्या सदऱ्याचा खिसा हातात आला होता. तेव्हा या पंधरा दिवसांत आलेख जमिनीसारखा सपाट ठेवायचा, असा त्यांनी निर्धार केला.

आणि निर्धार पार पाडण्यात ते कुणाला ऐकणारे नव्हते. छत्तीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक होते. शहरातल्या कितीतरी खोट्या तराजूंची त्यांनी जप्ती केली होती. भाजीवाल्या अजून त्यांना पाहिलं की आपणहून एक टोमॅटो जास्त टाकत, आणि तो ते परत करत. असा माणूस खाण्याची वही कशी लिहील? स्वयंपाकघरात पितळी तराजू आला. 'दुपारी १२.३०. फुलके दोन, प्रत्येकी २२ ग्रॅम. दुधी १४० ग्रॅम. डाळ १५० ग्रॅम. तूप नाही. (फुलक्याला चुकून लागलेलं तूप पुसलं.)' चहा बिनसाखरेचा. आमरस पहिल्याच दिवशी हद्दपार झाला. त्यांच्या पत्नी निरंजनाबेन फुलका तव्यावरून काढत, तो आधी पारड्यात जाई, मग ताटात. तोवर तो गार होई. पण तक्रार कोण करणार?

एवढं करूनही तिसऱ्या दिवशी राजकोटहून मुलीचा, कृपाचा फोन आला. आलेख तिच्याही फोनवर दिसत होता. ही व्यवस्था डॉक्टरांनी बिपिनभाईंना न विचारता केली होती.

"पप्पा, काय खाल्लंत?"

"काही नाही."

"साडेचारला दोनशे सत्तर झाले होते."

"यंत्राची चूक असेल. प्रमाणित करून घेतलंय का त्यांनी? शिक्का कुठं दिसत नाही."

"पप्पा, मी ओरडत नाहीये. फक्त विचारतेय."

आपल्याच मुलीनं आपल्याला असं तराजूत घालावं, याचं त्यांना वाईट वाटलं. पण आकडा खोटा नव्हता. दुपारच्या जेवणानंतर रेघ जराशी वर जाई, खाली येई, आणि साडेचारच्या सुमाराला एकदम सरळ उभी राही. रोज. वहीत तर साडेचारच्या पुढे स्वच्छ लिहिलेलं होतं, 'काही नाही.' बिपिनभाई चार वाजता हवेलीत, म्हणजे वैष्णवांच्या देवळात, ठाकोरजी दुपारच्या झोपेतून उठतात त्या उत्थापनाच्या दर्शनाला जात, पावणेपाचला घरी येत, की ओट्यावर. यात खाण्याचा संबंधच नव्हता.

ओट्यावर आलेख पसरला गेला. दुष्यंतभाईंनी तो दोन बोटांनी मोठा करून पाहिला. त्यांना आयुष्यात रेघ वाचण्याखेरीज दुसरं काही केलेलं कुणी पाहिलं नव्हतं. "हे बघा, बारानंतर हलकी तेजी. मग थोडी नफावसुली. आणि साडेचारला सरळ वरचं सर्किट. कुणीतरी मोठा माणूस आत खरेदी करतोय."

"अहो, हा माझा दंड आहे."

"दंड असो की बाजार, बातमी आधी येते, भाव मागून चढतो. साडेचारला चढलं म्हणजे कारण दुपारी बारालाच घडलेलं आहे."

तेव्हा लीलाबांनी निकाल दिला. "डाळ. निरंजनाच्या डाळीतला गूळ. गूळ काही साखरेसारखा उतावळा नसतो. त्याला चढायला चार तास लागतात."

साडेबारा आणि चार, साडेचार. हिशेब इतका चोख बसला की ओट्यावर सगळ्यांनी माना डोलावल्या.

आता ही डाळ काय होती हे सांगायला हवं. पोळमध्ये जेवणावळ असली की आचारी बाहेरून येई, भाजी, फरसाण, पुऱ्या सगळं तो करी, पण डाळीला गूळ घालायची वेळ झाली की निरंजनाबेनना बोलावणं जाई. त्या हात धूत, उकळत्या पातेल्याकडे एकदा बघत, आणि अंदाजानं खडा सोडत. चाखून कधी पाहिलं नाही. लग्नं झाली, बारशी झाली, तेरावी झाली, खडा कधी चुकला नाही. अशा डाळीवर आता आळ आला होता, आणि बिपिनभाईंनी तो आळ घरात नेऊन पोचवला. त्यांनाही तो खरा वाटला, हे त्यांच्या बाजूनं सांगितलं पाहिजे. शिवाय सुई डोळ्यांपुढे होती.

"माझी डाळ?" निरंजनाबेन म्हणाल्या.

"तुझी नाही. गुळाची."

त्या तांब्याभर पाणी प्यायल्या आणि दुसऱ्या दिवशी ताटात बिनगुळाची डाळ आली. ती पिवळी होती, गरम होती, यापलीकडे तिच्याबद्दल चांगलं बोलण्यासारखं काही नव्हतं. बिपिनभाईंनी ती न्यायालयाचा दंड भरावा तशी संपवली. साडेचारला दोनशे पंचाहत्तर.

याच मधल्या काळात पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायचा होता. बँकेत गर्दी. खिडकीमागच्या कारकुनानं चेहरा ओळखणाऱ्या यंत्रासमोर बसवलं आणि म्हणाला, "पापण्या मिटा. उघडा." बिपिनभाईंनी पापण्या मिटल्या, आणि नेमका त्याच वेळी खिशातला बंब सुटला. ते दचकून उठले, बाही वर सरकली आणि कारकुनाला चकती दिसली. चकतीच्या मधोमध बारीक भोक होतं. बिपिनभाई पूर्वी छापे घालत हे त्याला ठाऊक होतं.

"साहेब, कॅमेरा लावून आलात?" तो हात जोडून म्हणाला. "मी आजवर कुणाकडून चहासुद्धा घेतलेला नाही."

"हा कॅमेरा नाही. मला मधुमेह आहे."

"तसं लिहून द्या."

मग मॅनेजर आले. चकती निरुपद्रवी असल्याचं डॉक्टरांचं पत्र मागितलं गेलं. ते पत्र मूळ प्रतीत हवं होतं. दोन खेपा झाल्या. आपण जिवंत आहोत हे सिद्ध करायला दोन दिवसांच्या सकाळी घालवाव्या लागल्या, आणि त्या दोन दिवसांत बिपिनभाईंना ते स्वतःलाही फारसं पटेनासं झालं होतं.

इकडे पोळमध्ये कुजबुज सुरू झाली. गूळ बंद होऊन पाच दिवस झाले, तरी साडेचारचा डोंगर जागच्या जागी. म्हणजे निरंजनाबेन चोरून घालत असणार. हात राहत नसेल बिचारीचा. लीलाबा तर म्हणाल्या, "सवय आहे. बाईमाणसाला सवय सुटत नाही." हे बोलताना त्या आपल्या खिडकीत होत्या आणि निरंजनाबेन खाली वाळत घातलेले कपडे काढत होत्या.

निरंजनाबेन दुपारी पातेलं घेऊनच ओट्यावर आल्या. आधी ते दुष्यंतभाईंच्या फोनशेजारी ठेवलं. जिना उतरायला त्यांना गुडघ्यांचा त्रास होई, म्हणून जरा दम घेतला.

"दुष्यंतभाई, लीलाबा, सगळ्यांनी ऐका. उद्या डाळ करते. गूळ घालून. पूर्ण गूळ घालून. हेही खातील, मीही खाईन. डॉक्टरांनी दिलेल्या डब्यात एक चकती जास्तीची आहे, ती मला लावा. डाळ गुन्हेगार असली तर माझ्यातही दिसेल. नसली तर तुम्ही सगळे माझ्या दारात येऊन तसं म्हणायचं."

"अगं, तुला कशाला चकती?" बिपिनभाई म्हणाले. "तुला काय झालंय?"

"मला काही झालेलं नाही म्हणूनच. खटल्यात साक्षीदार निरोगी हवा."

हे मात्र सगळ्यांना पटलं. हरेल त्यानं ओट्याला चहा पाजायचा, अशी पैज दुष्यंतभाईंनी डाळीच्या विरोधात लावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कंपाउंडर आला. सुई जाताना निरंजनाबेननी डोळ्याची पापणीसुद्धा हलवली नाही, बिपिनभाई मात्र भिंतीकडे तोंड करून उभे होते. साडेबाराला चौकात दोन पाट मांडले. दोघांना दीडशे ग्रॅम डाळ, शंभर ग्रॅम भात, पितळी तराजूनं सर्वांसमक्ष तोलून. डाळीचा वास तिसऱ्या घरापर्यंत गेला. लीलाबांनीही एक वाटी मागून घेतली, पुरावा म्हणून.

दीड वाजता फोन पाहिले. बिपिनभाई एकशे अडुसष्ट.

"बघा!" निरंजनाबेन म्हणाल्या. "एवढंच?"

मग दुष्यंतभाईंनी निरंजनाबेनचा फोन उचलला, आणि त्यांचा आवाज बदलला. "फोन बदलले वाटतं. हा बिपिनभाईंचा असणार."

फोन बदलले नव्हते. दोनशे एक्याण्णव. चकती बिघडली असेल म्हणून बोट टोचून पाहायचं जुनं यंत्र कपाटातून आणलं. त्यानं दोनशे चौऱ्याऐंशी दाखवलं. जेवणाआधीच तो आकडा दोनशे बारा होता. तो फोनवर तासभर सगळ्यांच्या समोर लिहिलेला होता, पण तिकडे कुणी पाहिलं नव्हतं. सगळे बिपिनभाईंना बघत बसले होते.

दुष्यंतभाईंनी चहाचं नाव काढलं नाही. लीलाबांनी वाटी खाली ठेवली. कृपा फोनवर होती, ती म्हणाली, "पप्पा, उद्या सकाळी मम्मीला घेऊन जा. उद्याच."

निरंजनाबेन पाटावरून उठल्या. "म्हणजे माझी डाळच," एवढंच म्हणाल्या आणि पातेलं उचलून आत गेल्या. आपल्याला काय झालं याचं त्यांना काही वाटलं नव्हतं. पस्तीस वर्षं आपण नवऱ्याला काय वाढलं, याचंच त्यांना लागलं होतं.

बिपिनभाईंना काय करावं ते सुचेना. चार वाजले तसे ते हवेलीत गेले. दर्शनाला उभे राहून त्यांनी आज स्वतःच्या सुईबद्दल काही मागितलं नाही. हवेलीचे पुजारी मुखियाजी, त्यांनी नेहमीप्रमाणे ओंजळीत प्रसाद घातला. मोहनथाळाचे दोन चौकोन, साखरेत घोळलेली जाड पुरी, ठोर. रोज ते अर्धा तिथंच घेत आणि अर्धा रुमालात बांधून बायकोला नेत, कारण गुडघ्यांमुळे तिचं हवेलीत येणं सुटलं होतं. आज त्यांना वाटलं, हिला ठाकोरजींच्या कृपेची जास्त गरज आहे. म्हणून आपला वाटाही त्यांनी तिच्यासाठीच बांधला. निरंजनाबेननी तो सगळा, रडवेल्या तोंडानं का होईना, मुकाट्यानं खाल्ला.

सकाळी डॉक्टरांनी दोन्ही आलेख टेबलावर शेजारी ठेवले. बराच वेळ बघत राहिले. मग निरंजनाबेनना विचारू लागले. तहान फार लागते का? लागते. रात्री उठावं लागतं? तीन-चारदा. थकवा? पायाला मुंग्या? "हे सगळं वयाचं असतं ना?" निरंजनाबेननी विचारलं. बिपिनभाई खुर्चीवर बसून ऐकत होते. यातलं त्यांना काहीही ठाऊक नव्हतं. दर तीन महिन्यांनी ते स्वतःचं रक्त तपासून घेत आणि निरंजनाबेन सोबत येऊन बाहेरच्या बाकावर पिशवी धरून बसत. आत कधी कुणी बोलावलं नाही. बिपिनभाईंना स्वतःची लाज वाटली.

"आता हे बघा," डॉक्टर म्हणाले. "बिपिनभाई, तुमचा साडेचारचा डोंगर रोज आहे. काल मात्र नाही. आणि काल पाचच्या सुमाराला बेनच्या आलेखात गिरनार उभा राहिलाय. तुमचा डोंगर उचलून कुणीतरी तिकडे ठेवल्यासारखा. काल साडेचारला काय खाल्लंत?"

"काही नाही," बिपिनभाई म्हणाले.

"बेन, तुम्ही?"

"काहीच नाही. हवेलीतून आले हे, तेवढ्यात..." आणि निरंजनाबेन थांबल्या.

"तेवढ्यात काय?"

"प्रसाद."

"तो खाण्यात कसा धरणार, डॉक्टर?" बिपिनभाई अगदी खालच्या आवाजात म्हणाले. "प्रसाद खात नसतात. घेतात."

डॉक्टर स्वतः वैष्णव. त्यांनी पेन खाली ठेवलं. "मी नाही धरत, बिपिनभाई. चकती धरते. किती असतो?"

छत्तीस वर्षं वजनमापात घालवलेल्या माणसानं ओंजळ पुढे केली आणि पाहिली. सव्वाशे ग्रॅम. त्याहून कमी नाही. फुलक्यावरचं तूप पुसणाऱ्यानं हे कधी तोललं नव्हतं. आणि त्यातलं निम्मं, निवृत्त झाल्या दिवसापासून, रोज न चुकता, त्यांनी आपल्या हातानं बायकोला भरवलं होतं.

डॉक्टरांनी निरंजनाबेनना गोळ्या लिहून दिल्या, डोळे आणि पाय तपासायला सांगितले. बिपिनभाईंना म्हणाले, "तो एक डोंगर सोडला तर तुमचा आलेख चांगला आहे. सुईची गरज नाही. आणि डाळीचा यात एवढा काही हात नाही. गूळ कमी घाला म्हणजे झालं." सुई टळली. बिपिनभाईंना याचा आनंद व्हायला हवा होता, आणि तो कुठंच सापडेना.

रिक्षानं निम्मा रस्ता कापला. मग निरंजनाबेन म्हणाल्या, "मला मोहनथाळ कधी आवडलाच नाही."

"मग इतकी वर्षं?"

"घसा कोरडा पडायचा खाल्ल्यावर. पण तुम्ही एवढं उन्हातून चालत जाऊन आणायचात. रुमाल सोडताना तुमचं तोंड बघण्यासारखं असायचं. नको कसं म्हणू?"

बिपिनभाई बाहेर बघू लागले. रस्त्यात बघण्यासारखं काही नव्हतं.

पोळमध्ये शिरल्यावर ते घरी गेले नाहीत. ओट्यासमोर उभे राहिले, आणि पूर्वी छाप्याच्या वेळी जो आवाज लावत तो लावून म्हणाले, "डाळ निर्दोष आहे. वहीत एक नोंद मी केली नव्हती. चूक माझी." कसली नोंद, ते लीलाबांनी तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा त्यांनी सांगितलं. लीलाबांनी दोन्ही गालांवर हळूच हात मारून घेतले आणि घाईघाईनं वर निघून गेल्या. हवेलीतून त्यांनाही रोज पुडा येई. दुष्यंतभाई निरंजनाबेनच्या दारापर्यंत गेले आणि जे म्हणायचं होतं ते म्हणून आले.

आता राहिली सर्वांत अवघड गोष्ट. दुपारी चारला बिपिनभाई मुखियाजींपुढे उभे राहिले. ओंजळ पुढे करायची की नाही हे त्यांना कळेना. प्रसादाला नको म्हणणारा त्यांच्या सात पिढ्यांत कुणी झाला नव्हता. शेवटी दंडावरची चकती दाखवून त्यांनी सगळं सांगून टाकलं, बायकोचंही.

मुखियाजींनी ऐकून घेतलं. मग मोहनथाळाच्या चौकोनाचा कोपरा नखानं खरवडला आणि मोहरीएवढा कण त्यांच्या तळहातावर ठेवला. "कणिका घ्या, वैष्णव. ठाकोरजींच्या लेखी कणिका आणि थाळ सारखेच. भरलेली ओंजळ लागते ती आपल्याला."

बिपिनभाईंनी तो कण तिथं घेतला नाही. रुमालात बांधला आणि सबंध रस्ता मूठ मिटून चालले.

घरी निरंजनाबेननी रुमाल सोडला. झटकायला गेल्या तेव्हा बिपिनभाई ओरडले, "अगं, आहे त्यात!" मग चष्मा आणला. कण सापडला. त्यांनी नखानं त्याचे दोन केले, एक नवऱ्याच्या तळहातावर ठेवला, एक आपल्या जिभेवर. बिपिनभाई सवयीनं उठले आणि ओट्याकडे जायला चपला पायात सरकवू लागले.

"कुठं निघालात?" त्या म्हणाल्या. "रोज प्रसाद हातावर ठेवायचात आणि पळायचात. आज एवढुसाच आणलाय ना, मग बसा जरा माझ्याजवळ."

बिपिनभाईंनी चपला काढल्या आणि बसले.